धाक, वळण आणि सोपवणूक

मूल वाढवण्याच्या कामाला मराठीत तीन शब्द लागतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. धाक म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेची भीती. नजर हटली की तो सरतो. वळण हा शब्द अक्षराला, रस्त्याला आणि मुलाला सारखाच लावतात. हात धरून गिरवलेले अक्षर पुढे हात सुटला तरी तसेच उमटते. शिस्त हा शब्द फारसीतून आला. जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरत, म्हणजे नेम धरत. तेव्हा शिस्तीला समोर काहीतरी लक्ष्य हवे, एवढे त्या शब्दातच आहे. ‘आजकालच्या पोरांना शिस्त राहिली नाही’ असे घरोघर म्हटले जाते तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात बहुधा धाक असतो. या घोळाखाली एक जुना धर्मप्रश्न दडला आहे : आईबापांना मुलावर जो अधिकार असतो तो येतो कोठून, त्याला मर्यादा कोणती, आणि तो संपतो कधी?

जळगाव जिल्ह्यातले भडगाव हे गिरणाकाठचे तालुक्याचे गाव. कपाशी, केळी, कजगावचे रेल्वे स्टेशन आणि अभ्यासिकांत बसलेली पोरे यांच्यामधून हा प्रश्न येथे रोज जातो. त्याची शास्त्रातली बाजू आधी पाहावी लागते, कारण घरातले बाप आणि आजोबा शास्त्राचेच दाखले देतात, बहुतेकदा अर्धवट.

मारण्याच्या बाबतीत धर्मग्रंथ एकमुखाने बोलत नाहीत. मनुस्मृती आठव्या अध्यायात अपराध करणाऱ्या मुलाला दोरीने किंवा बांबूच्या कामटीने मारण्याची मुभा देते. पाठीवर मारावे, डोक्यावर कधीही नाही, अशी अटही घालते. मुलाबरोबर त्याच यादीत पत्नी आणि दासही आहेत. हे वचन आज कोणी का आधाराला घेऊ नये, हे त्या यादीवरूनच कळते. त्याच ग्रंथाचा दुसरा अध्याय शिकवणे अहिंसेने आणि गोड, मृदू वाणीने व्हावे असे सांगतो. गौतम धर्मसूत्र याहून स्पष्ट आहे. शिष्याला न मारता शिकवावे, अगदीच जमले नाही तर बारीक दोरी किंवा कामटी, आणि गुरूने याखेरीज दुसऱ्या कशाने मारले तर राजाने गुरूला दंड करावा, असा तेथे क्रम आहे. म्हणजे शिक्षकाच्या हातावर राज्याने लक्ष ठेवावे ही कल्पना आयात केलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली तेव्हा गौतमाचीच अट शेवटपर्यंत नेली गेली. घराच्या उंबऱ्याआत मात्र आपला कायदा अजून बिचकत पाऊल टाकतो. स्वीडनने १९७९ मध्ये आईबापांनाही मारायला मनाई केली; तसा थेट कायदा भारतात नाही.

सर्वांत जास्त ऐकू येणारे वचन चाणक्याच्या नावावर आहे. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे धाकात ठेवावे आणि सोळावे लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे, असा त्याचा आशय. पहिल्या दोन पायऱ्या घरोघर पाठ असतात. तिसरी पायरी कोणी विचारात घेत नाही, आणि सगळी अडचण त्या तिसऱ्या पायरीवरच आहे. वचनकर्त्याने धाकाला मुदत घातली आहे. पंधरा वर्षांत जे वळण लागायचे ते लागले, नाही लागले तर पुढे धाकाने लागणार नाही, हे त्यात गृहीत आहे. पंचविशीच्या मुलावर ओरडणाऱ्या बापाला या वचनाचा आधार मिळत नाही.

अधिकार कोठून येतो, याचे उत्तर तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत सापडते. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य आईला, बापाला, गुरूला, अतिथीला देव मान असे सांगतात. हा भाग शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. त्याच्या लगेच पुढे आचार्य म्हणतात की आमची जी चांगली कृत्ये असतील तेवढीच तू घे, इतर घेऊ नकोस. हा भाग सहसा भिंतीवर येत नाही. गुरू स्वतःच शिष्याला आपली परीक्षा करण्याचा हक्क देतो आहे. पुढे, कधी काय करावे असा संशय पडला तर विचारी आणि ‘अलूक्ष’, म्हणजे स्वभावाने रुक्ष नसलेली, माणसे तेथे कशी वागतात ते पाहा, असेही सांगितले आहे. हे सगळे मिळून जे होते त्याला उपनिषद ‘अनुशासन’ म्हणते. शासन वरून खाली येते, अनुशासन मागोमाग चालत येते. विनोबा भावे यांनी पुढे आणीबाणीच्या काळात हाच भेद मांडला : सत्तेचे ते शासन, आचार्यांचे ते अनुशासन. त्यांच्या ‘अनुशासन पर्व’ या शब्दांचा सरकारने सोयीस्कर वापर आधीच करून घेतला होता, ही गोष्ट वेगळी.

खानदेशात या तत्त्वाचा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे आणि तो भडगावच्या शेजारच्या भागातच, अमळनेरला. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कोकणातल्या पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा तरुण १९२३ मध्ये तेथे आला, पण वेदान्ताच्या शुष्क चर्चेत रमला नाही आणि १९२४ मध्ये शेजारच्या हायस्कुलात शिक्षक झाला. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्याच्यावर आली. खोल्या पसरलेल्या, कपडे लोळत पडलेले, अशा मुलांना साने गुरुजी दटावत नसत. मुले शाळेत गेली की ते खोल्या आवरत, कपडे धुऊन घड्या घालून ठेवत, दिव्यांच्या काचा पुसत. आजारी पोराच्या उशाशी बसत. पहाटे उठून ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत आणि ते मुलांना वाचायला ठेवत. काही दिवसांत मुलांनाच लाज वाटू लागली आणि खोल्या आपोआप आवरल्या जाऊ लागल्या.

या पद्धतीला भाबडी म्हणणारे तेव्हाही होते. तिच्यात एक कठोरपणा आहे, तो पटकन दिसत नाही. दटावणीला उलट उत्तर देता येते. आपले मळके सदरे गुरुजींनी धुतले याला उत्तर देता येत नाही. शिक्षा भोगली की हिशेब मिटतो. येथे हिशेब मिटतच नाही, मूल तो आयुष्यभर वाहते. लाजेचा असा वापर प्रत्येकाच्या हाती देण्यासारखा नाही. जो स्वतः आधी उठत नाही, स्वतःचे ताट उचलत नाही, त्याने हे करून पाहिले तर ते नाटक ठरते आणि मुलांना नाटक चटकन ओळखू येते. गुरुजींनी १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली तेव्हा मुलांनी जे पाहिले तोच त्यांचा शेवटचा धडा होता.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनीच लिहून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झाले. अधिकाराच्या प्रश्नावर गीतेची दोन स्थळे कामाची आहेत. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : जे समोरच्याच्या मनाला उद्वेग देत नाही, खरे आहे, प्रिय आहे आणि हिताचेही आहे, असे बोलणे. चारही अटी एकदम पाळायच्या आहेत. घरातले बोलणे बहुतेकदा खरे आणि हिताचे असते, पहिल्या आणि तिसऱ्या अटीवर ते घसरते. दुसरे स्थळ अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे आहे. इतके सगळे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे म्हणतो. विश्वरूप दाखवलेला गुरू शेवटी निर्णय शिष्यावर सोडतो.

‘श्यामची आई’ ही साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मराठी घरांत आई कशी असावी याचे ते जवळजवळ धर्मपुस्तक झाले आहे, आणि त्यात मार नाही असे समजणारे ते नीट वाचत नाहीत. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई छडीने मारत बाहेर काढते. पण ती छडी आज्ञाभंगासाठी नाही, भित्रेपणावर आहे. लोकांनी मुलाला भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. आणि मारल्यावर तीच जवळ घेऊन समजावते. मार बरा ठरत नाही यामुळे. एवढेच दिसते की तिच्या रागाला लक्ष्य होते. शिस्त म्हणजे नेम, हा जुना अर्थ येथे लागू पडतो. कामावरून थकून आलेल्या बापाच्या हातून पडणारी थप्पड बहुधा अशी नेमाची नसते.

आज्ञापालनाला सीमा आहे का? कठोपनिषदातला वाजश्रवस यज्ञात दान म्हणून म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई देत असतो. मुलगा नचिकेता ते पाहतो आणि मला कोणाला देणार, असे तीनदा विचारतो. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. पोरगा उद्धट होता असे उपनिषद कोठेही म्हणत नाही. उलट ते दान पाहतानाच त्याच्यात श्रद्धा शिरली असे म्हणते. बापाचे खोटे दान दिसणे आणि त्यावर बोलणे ही तेथे श्रद्धेची खूण आहे. कुराणातला लुकमान मुलाला उपदेश करतो त्या प्रकरणातही हाच तोल दिसतो. आईबापांनी अल्लाहबरोबर दुसऱ्याला मानण्याचा हट्ट धरला तर ऐकू नये, तरी जगात त्यांच्याशी भलेपणानेच वागावे. त्याच उपदेशात आवाज खाली ठेवण्याची सूचना आहे. सर्वांत कर्कश आवाज गाढवाचा, असे लुकमान म्हणतो. तो मुलाला सांगतो आहे, पण बापांनीही ऐकावे.

आता भडगावच्या घरात यायला हरकत नाही. पन्नास वर्षांपूर्वी येथील पोऱ्याला वळण लावायला एकटे आईबाप नव्हते. आजी, चुलते, गल्लीतले म्हातारे, शाळेतले गुरुजी अशा अनेक नजरा त्याच्यावर असत. पारावर विडी ओढताना दिसला तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी. याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच नजरा जातीची वेस राखत होत्या आणि मुलींना कोंडतही होत्या. पण ती व्यवस्था मोकळीक देण्याच्या जागाही ठरवून ठेवत असे. खानदेशची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, याचे चांगले उदाहरण आहे. माहेरी आलेल्या मुली झोके घेतात, गाणी म्हणतात, गौराई मांडतात; सासरी जे बोलता येत नाही ते गाण्यात बोलून घेतात. पुरुष पत्त्यांचे डाव मांडतात आणि त्या दिवसांपुरती गाव डोळेझाक करते. सालदारांचे सालही आखाजीलाच बदलते. डाव सणापुरता, कडब्याच्या सावलीत, ओळखीच्या माणसांशी, आणि सण संपला की पत्ते उचलून ठेवायचे.

मोबाईलवरच्या रमीने ही वेस पुसली. तो डाव रात्री दोन वाजता, पांघरुणाखाली, अनोळखी माणसाशी चालतो आणि बापाच्या कापसाचे पैसे कोणत्या खात्यातून गेले ते महिन्यानंतर कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्याने दुकान बंद होते. वेस कशी पाळायची हे ज्याने कधी पाहिलेच नाही त्याला ती कायद्याने दिसत नाही. येथे धाक दुबळा ठरतो, कारण पाहणारी नजरच नाही. वळण असेल तर टिकते. आणि वळण लावणारा बाप जेवताना डाव्या हाताने रील सरकवत असेल तर शिक्षावल्लीचे वाक्य त्याच्यावर उलटते.

दुसरा ओढा गिरणेच्या पात्रातला. चोरट्या वाळूउपशात ट्रॅक्टर किंवा डंपर हाकणाऱ्या तरुणाला रात्रीच्या दोन-चार खेपांत जे मिळते ते शेतात आठवडाभर राबून मिळत नाही. त्याच्याकडून आलेले पैसे घरात कोणी परत करत नाही. घर बांधायला तीच वाळू लागते. मग चोरी करू नये हे त्याला नेमके कोणी सांगायचे?

तिसरी गोष्ट लग्नाची. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे खानदेशात आता चावडीवरचे नेहमीचे बोलणे झाले आहे. तरुणाला व्यसन आहे, नोकरी नाही, मोबाईल सुटत नाही अशी कारणे सांगितली जातात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. त्यांतली मोठी मुले आता लग्नाच्या उंबरठ्यावर येत आहेत. ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्यांचा निर्णय आजच्या तरुणांनी घेतलेला नव्हता. तरुणांचे म्हणून जे प्रश्न मोजले जातात त्यांतले काही आधीच्या पिढीच्या घरात, बंद दाराआड ठरले. घरांत वळण लावण्याची मेहनत मुलींवर झाली आणि लाड मुलांचे झाले, हेही यालाच जोडून येते. भाकरी थापणे, आवाज खाली ठेवणे, वेळेत घरी येणे हे मुलीला दहाव्या वर्षी येते. मुलाला यातले काहीच यावे लागत नाही, आणि मग तो पुण्यात खोली घेऊन राहू लागतो तेव्हा पहिल्यांदा उघडा पडतो.

पुण्यात खोली घेऊन राहणारा खानदेशी पोरगा मराठी साहित्यात कधीचा येऊन बसला आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला जातो, बापाचे पैसे उडवतो, नापास होतो, परत येतो. घरातून त्याला कोणी काढून देत नाही. जेवण मिळते, पैसे मिळतात. नसते ते काम, ज्याचा निर्णय त्याचा असेल. बाप गावचा कर्ता माणूस, सगळे तोच ठरवणार. साठ वर्षांनंतर अभ्यासिकेतल्या मुलाची स्थिती फार वेगळी नाही. पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्याने धावायचे, दुपारी स्पर्धा परीक्षेचे पुस्तक, जागा निघाल्या की अर्ज. अठ्ठाविसावे लागले तरी खर्चाला पैसे बापाकडे मागायचे. त्याला कोणी मारत नाही, त्याच्यावर धाकही नाही. पण सातबारा बापाच्या नावावर, कपाशीचे बियाणे कोणते घ्यायचे ते बाप ठरवणार, ठिबकचे कर्ज बापाच्या सहीने. धाक गेला आणि जबाबदारी आली नाही, अशा मधल्या पट्ट्यात हे वय अडकून पडते. आजच्या तरुणांच्या बेशिस्तीची चर्चा या पट्ट्यापर्यंत क्वचितच पोचते.

अधिकार संपतो कधी, या प्रश्नाला बौद्ध परंपरेने सर्वांत व्यवहारी उत्तर दिले आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्ध सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला आईबाप आणि मुले यांची परस्परांची कर्तव्ये सांगतात. मुलांची पाच, आईबापांची पाच. आईबापांनी मुलाला वाइटापासून रोखावे, चांगल्याकडे लावावे, एखादा व्यवसाय शिकवावा, योग्य जोडीदार पाहून द्यावा आणि योग्य वेळी वारसा हाती सोपवावा. शिस्त म्हणून जे ओळखले जाते ते पहिल्या दोन कलमांत संपते. शेवटचे कलम शिस्तीचा भाग आहे असे कोणाला वाटत नाही, पण यादीत ते त्याच रांगेत आहे, आणि ‘योग्य वेळी’ हे शब्द त्यात जाणून घातले आहेत. मरणानंतर असे म्हटलेले नाही. मनुस्मृतीही सहाव्या अध्यायात अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातू पाहिला की गृहस्थाने वनाकडे निघावे, असे सांगते. वन आता नाही, तरी कारभार सोडण्याचा इशारा जागेवर आहे. कायदाही आड येत नाही : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार सहहिस्सेदारांच्या संमतीने बापाच्या हयातीत वाटणी होऊ शकते. २००५ पासून त्या हिश्श्यात मुलीही समान आहेत, तरी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणे हाच भावाच्या सोयीचा रिवाज गावोगाव चालू आहे.

सोपवणे म्हणजे जमीन लगेच नावावर करणे असे नाही. पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत येथे आठवावी. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांत विभागलेली, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सगळे शेतकरी मिळून ठरवणार, आणि पाणी वळवायचा हक्क मालकाला नाही, पाटकऱ्याला. नियम कडक होते; कोणाला ते जाचले तरी वरून लादलेले वाटत नसत, कारण पाळणाऱ्यांनीच ते ठरवले होते. घरात हेच छोट्या मापाने करता येते. दोन एकरांत काय लावायचे ते मुलाने ठरवावे, तोटा आला तर त्यानेच सोसावा, आणि बापाने पंचनामा करू नये. घरात मोबाईल किती वाजता बाजूला ठेवायचा हे सगळ्यांनी बसून ठरवावे, आणि नियम बापालाही लागू असावा. पोराच्या चुकीची किंमत त्याला भरू देण्यात बापाचे मन सर्वांत जास्त कचरते. लाड आणि धाक या दोन्हींची मुळे त्या कचरण्यातच आहेत.

नचिकेत्याची गोष्ट पुढे चालू राहते. तो यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसतो आणि यम त्याला तीन वर देतो. तिसरा वर आत्मविद्येचा, म्हणून तोच प्रसिद्ध झाला. पहिला वर कोणी फारसा लक्षात ठेवत नाही. मुलाने मागितले ते एवढेच : बापाचा राग उतरावा, त्याचे मन शांत व्हावे, आणि मी परत घरी गेलो तर त्याने मला ओळखून जवळ घ्यावे.